जुनी गाडी मनापासून बांधणाऱ्यांना तपासणीची सोय करून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात रस्त्यावर सायलेन्सर मांडून त्यांच्यावरून रोलर फिरवल्याचा फोटो होता आणि खाली मॉडिफाय केलेल्या गाड्यांवरच्या कारवाईची बातमी. कारवाई एकदम बरोबर आहे, हे आधीच सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाला दवाखाना आहे, रात्री अकरा-साडेअकराला कोणीतरी आतली जाळी काढलेला सायलेन्सर लावून फटाके वाजवत जातं, वरच्या मजल्यावर ॲडमिट असलेल्या पेशंटचं काय होत असेल हे त्या पोराच्या मनातही येत नाही. असल्या सायलेन्सरचा चुराडाच झाला पाहिजे.

पण त्याच बातमीत पुढे जुन्या गाड्या खोलून नव्याने बांधणाऱ्या पोरांनाही त्याच माळेत ओवलंय. पप्पांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि आई म्हणाली, "बघ, तुझंपण हेच चाललंय." नाही आई, माझं हे नाही चाललंय, आणि माझ्यासारखे कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात कितीतरी जण आहेत ज्यांचं हे नाही चाललेलं, म्हणून हे पत्र.

मी पतसंस्थेत नोकरी करते, मेकॅनिक नाही की इंजिनिअर नाही. पप्पांची यामाहा आरएक्स १००, १९९१ ची, एमएच ०९ पासिंग, गावाकडे गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी होती, ती आणून मी पार्किंगमध्ये खोललीय. स्वतःच्या हाताने बांधायची ही माझी पहिलीच गाडी. आपल्या भागात आरएक्सबद्दल वेगळं सांगायला नको, तरी नवीन पोरांसाठी सांगते. १९८५ ला एस्कॉर्ट्सने यामाहाबरोबर ती आपल्याकडे आणली, ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणून ती अशी उचलते की आजच्या दीडशे सीसीच्या गाडीवाल्यालापण मान वळवून बघावं लागतं. १९९६ ला धुराचे नियम कडक झाले आणि तिचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी म्हैसूरचा येझदी मोटरसायकलचा कारखानाही बंद पडला. म्हणजे आज रस्त्यावर जी कुठली आरएक्स किंवा जुनी येझदी दिसते ती कोणीतरी एवढी वर्षं सांभाळलीय म्हणूनच दिसते, शोरूममधून दुसरी येणार नाहीये.

आता अशी गाडी बांधायला घेतली की पहिल्यांदा करणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला माहितीय. मोबाईलवर कॅफे रेसर, स्क्रॅम्बलर, बॉबर अशा कापून-बदलून बनवलेल्या गाड्यांच्या स्टाइल बघून बघून डोक्यात एक फोटो तयार झालेला असतो, मागचा चासीचा लूप म्हणजे सीटखालचा वळवलेला पाइप कापायचा, चपटी सीट बसवायची, मडगार्ड काढून टाकायचे, हँडल खाली घ्यायचं, एअर फिल्टरचा डबा फेकून शंकूच्या आकाराचा उघडा कोन फिल्टर लावायचा. आणि सगळ्यात आधी हातात येतो ग्राइंडर, कारण कापणं सोपं असतं आणि कापल्यावर लगेच काहीतरी वेगळं दिसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ग्राइंडर सगळ्यात शेवटी, आणि खरं तर बऱ्याच गाड्यांना त्याची गरजच नसते.

का ते एकेक बघा. तो मागचा लूप नुसती सीट ठेवायला दिलेला नाहीये, मागचे दोन्ही शॉकअप वरच्या बाजूला त्याच भागात बसतात, खड्ड्यात चाक गेलं की सगळा दणका तिथे येतो, आणि आपल्याकडचे खड्डे काय असतात ते मी सांगायला नको. तिथला पाइप कापून गल्लीतल्या गेटवाल्याकडून वेल्डिंग मारून घेतलं तर वरून गुळगुळीत दिसेल, लांबी (पुट्टी) भरून रंग दिला की जोडपण कळणार नाही, पण आत वेल्ड किती उतरलंय हे ना बांधणाऱ्याला माहीत ना चालवणाऱ्याला. मडगार्ड आणि साडी गार्डचं तर मला विशेष सांगायचंय. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ नंबरचा नियम आहे, त्यात मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकेल असं गार्ड पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. पदर किंवा ओढणी चाकात जाऊन बाई रस्त्यावर पडल्याची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक घरात कोणाच्या ना कोणाच्या बाबतीत ऐकलेली असते. फोटोत ते गार्ड नसलेली गाडी छान दिसते, कबूल, पण त्या फोटोतल्या गाडीवर मागे कोणाची आई एका बाजूला पाय घेऊन बसलेली नसते.

कोन फिल्टरचं तर टू-स्ट्रोकवाल्यांनी नीट समजून घ्यायला पाहिजे. डबा काढला की हवा जास्त जाते, कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तोच राहिला की पेट्रोल कमी पडतं, मिक्श्चर लीन होतं, इंजिन तापतं. आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला मिळणारं ऑइल त्या पेट्रोलच्या मिक्श्चरबरोबरच वर येतं, फोर-स्ट्रोकसारखं खाली वेगळं ऑइल नाही, त्यामुळे पिस्टन फुगून ब्लॉकमध्ये धरतो आणि मागचं चाक चालत्या गाडीला जाम होतं. हायवेला साठ-सत्तरच्या स्पीडला हे झालं आणि हात क्लचवर गेला नाही तर काय होईल? म्हणून प्लग काढून बघायची सवय पाहिजे, टोक तपकिरी असेल तर ठीक, पांढरं पडलं असेल तर गाडी तापतेय, काळं ओलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. हे शिकायला पैसे लागत नाहीत, एक प्लग पाना लागतो. आणि आरएक्समध्ये यामाहाने ऑटोलूबचा पंप दिलाय जो ॲक्सिलेटरप्रमाणे ऑइल सोडतो, बरेच जण तो बंद करून टाकीत अंदाजाने ऑइल ओततात, मग धूरपण जास्त आणि खर्चपण जास्त. पंप नीट करून परत चालू करणं हेसुद्धा कस्टम काम, म्हणजे गाडी आपल्या मनासारखी करणंच आहे की, फक्त ते बाहेरून दिसत नाही.

तसंच ब्रेकचं. आरएक्सला पुढे-मागे ड्रम ब्रेक, तेही छोटे. इंजिनचं काम काढून, बोअर करून, नवीन पिस्टन टाकून गाडी पळायला लागते आणि थांबायला मात्र तीसेक वर्षांपूर्वीचे लायनर, वरून काचेसारखे चकचकीत झालेले. आधी ड्रम लेथवर गोल करून घ्या, लायनर बदला, केबल बदला, कोन सेट म्हणजे हँडलच्या गळ्यातले बेअरिंग बघा, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश बघा, टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे असतात त्यात आठवडा आणि वर्ष लिहिलेलं असतं ते वाचा, जुना टायर कितीही नक्षी शिल्लक दिसली तरी कडक झालेला असतो. हँडल बदलायचंच असेल तर इंजिन चालू ठेवून दोन्ही बाजूला शेवटपर्यंत वळवून बघा, रेस आपोआप चढली किंवा क्लचची केबल ताणली गेली तर ते हँडल त्या केबलला चालणारं नाही, तसंच घेऊन रस्त्यावर जाऊ नका.

हे सगळं मला कोणी शिकवलं असेल तर ते उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांनी. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. मॅग्नेटच्या कव्हरचा एक स्क्रू जाम होता आणि त्याचं डोकं आधीच्या कोणा मेकॅनिकने गोल करून ठेवलेलं. मामांनी आधी मला ते डोकं नीट दाखवलं, म्हणाले जपानी गाडीच्या स्क्रूचं चार टोकांचं खोबण वेगळं असतं, आपल्या बाजारातला साधा स्क्रू ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो पण जोर लावला की वर उचलतो आणि डोकं खातो. मग त्या उरलेल्या डोक्यावर एक नट ठेवला, नटाच्या आत वेल्डिंगचा एक टिपका सोडला, लाल झालेला थोडा काळा पडेपर्यंत थांबले, हात पुसला, आणि रिंग पाना लावून अर्धा आटा मागे, जरासा पुढे, परत मागे असं करत तो स्क्रू असा काढला की कव्हरच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांना ओरखडासुद्धा नाही. "गडबड करायची न्हाई पोरी, लोखंड आपल्या येळंनं येतंय," एवढंच म्हणाले. हे ज्ञान कोल्हापूरच्या फाउंड्री आणि लेथच्या धंद्यात पिढ्यानपिढ्या साठलेलं आहे, अशी माणसं आता साठीच्या पुढे गेलीत आणि त्यांच्याकडे शिकायला येणारी पोरं कमी झालीत. जी येतात ती बरीचशी अशा जुन्या गाड्यांच्या वेडानेच येतात. त्यांना आपण चोरासारखी वागणूक दिली तर ती यायचीही बंद होतील.

आता कायद्याकडे येते, कारण तिथेच खरी अडचण आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीने मुळात जे बनवलंय त्याच्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल नको. त्याच वर्षी कायदा बदलला आणि कलम १८२-ए आलं, त्यात परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही. रंग बदलता येतो पण आरटीओत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. इंजिन बदलायचं तर त्याच बनावटीचं, तेही परवानगीने. आणि पन्नास वर्षांच्या पुढच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण तिथे अट आहे की गाडी मूळ रूपात पाहिजे, आणि ती रोजच्या वापरात चालवायची नाही. आमची आरएक्स त्यात बसत नाही, अजून बरीच वर्षं बसणारपण नाही.

मला कायद्यामागचा हेतू पूर्ण पटतो, वर चासीचं आणि साडी गार्डचं जे लिहिलंय ते त्याचसाठी. पण प्रामाणिक माणसाने जायचं कुठे? समजा मला चासीला हात न लावता सीट बदलायचीय, पुढच्या चाकाला मोठ्या गाडीचा चांगला ब्रेक बसवायचाय, म्हणजे गाडी जास्त सुरक्षित होणार आहे, तर ते तपासून "हो चालेल" किंवा "नाही चालणार" सांगणारं कोणी नाही. पुण्याला एआरएआय ही गाड्या तपासून मंजुरी देणारी मोठी संस्था आहे, १९६६ पासून आहे, पण तिथली मंजुरी ही कंपन्यांसाठी, एकसारख्या हजारो गाड्या बनवणाऱ्यांसाठी. माझ्यासारख्या एका गाडीवालीला ती प्रक्रिया आणि तो खर्च कुठून झेपणार. मग होतं असं की सगळं काम लपून होतं, गॅरेजवाला बिल देत नाही, पासिंगच्या दिवशी मूळ पार्ट परत चढवले जातात आणि संध्याकाळी परत उतरवले जातात, इन्शुरन्स कंपनीला कोणी सांगत नाही आणि उद्या अपघात झाला की क्लेमच्या वेळी सगळं अंगावर येतं. ज्याचं वेल्डिंग खराब आहे त्याचंही लपलेलं आणि ज्याचं उत्तम आहे त्याचंही लपलेलं.

जर्मनीत हे काम कसं होतं ते सांगते, कारण तिथले नियम आपल्यापेक्षा सैल अजिबात नाहीत. तिथे गाडीत बदल केला की टीयूव्हीसारख्या मान्यता असलेल्या संस्थेच्या इंजिनिअरकडे गाडी न्यायची, तो ब्रेक, हँडल, आवाज, वेल्डिंग सगळं बघतो, पटलं तर बदल गाडीच्या कागदपत्रांवर चढतो, नाही पटलं तर गाडी रस्त्यावर येत नाही. इंग्लंडमध्ये पण एकेकट्या मोटरसायकलची वेगळी तपासणी करून मान्यता द्यायची पद्धत आहे. म्हणजे नियम कडक ठेवूनच आत यायला एक सरळ वाट ठेवलीय.

आपल्याकडे हे करायला फार काही नवीन उभं करावं लागणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक जिल्ह्यात आरटीओ आहे, सरकारी पॉलिटेक्निक आणि आयटीआय आहेत, तिथे वेल्डिंग तपासता येणारी माणसं आणि वर्कशॉप आहे. महिन्यातला एक दिवस ठेवा. बांधणाऱ्याने काही कापायच्या आधी कागदावर आखून आणावं काय करणार आहे ते, मोटार वाहन निरीक्षकाने बघून सांगावं कुठलं चालेल आणि कुठलं नाही, काम झाल्यावर गाडी परत दाखवावी, फी घ्या, चांगली भरभक्कम घ्या, आणि आरसीवर नोंद करा. कायद्यात त्यासाठी बदल करावा लागेल, तो केंद्राने करायचा आहे हे मला माहितीय, पण मागणी तर इथून गेली पाहिजे, अर्धा देश ज्या पुण्याच्या कारखान्यातल्या दुचाकींवर फिरला त्या महाराष्ट्रातून गेली तर ऐकली जाईल. आणि मुंबईत वर्देंचीसारखं वर्कशॉप एका मराठी माणसाने नावारूपाला आणलं, कस्टम गाड्या बघायला लोक इंडिया बाइक वीकच्या मेळाव्याला दुरून जातात, म्हणजे हुनर आहे, आवड आहे, धंदा आहे, फक्त नियमात जागा नाही.

तोपर्यंत आम्ही काय करायचं, तर जे आहे त्याच्या आत राहून करायचं. मी चासी कापणार नाहीये. सायलेन्सर मूळचा, आतली जाळी धुऊन साफ केलेली. वायरिंग पूर्ण नवीन, सीट मूळच्याच पत्र्यावर नवीन फोम घालून, टाकी आतून गंज काढून, पॉलिश, पावडर कोटिंग, नवीन रिम आणि स्पोक त्याच मापाचे. यातही हौस भरपूर भागते, विश्वास ठेवा. धुराचा प्रश्न खरा आहे, टू-स्ट्रोक आहे, ती मी रोज पतसंस्थेत घेऊन जाणार नाही, त्याला माझी स्कूटर आहे, पण कार्बोरेटर आणि पंप नीट असलेली टू-स्ट्रोक आणि ऑइल ओतून धूर सोडत जाणारी टू-स्ट्रोक यात पीयूसीच्या मशिनवरपण फरक दिसतो.

एक गोष्ट नव्याने सुरू करणाऱ्यांना कळकळीने सांगायचीय, जी मला वेळेवर सांगितली गेली म्हणून वाचले. चासी सँडब्लास्टिंगला किंवा पावडर कोटिंगला टाकायच्या आधी हँडलच्या खाली गळ्यावर जो चासी नंबर कोरलेला असतो त्याच्यावर जाड टेप लावा आणि काम करणाऱ्यालाही तोंडी सांगा. फेरपासिंगला आरटीओत त्याच आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात. ब्लास्टिंगने आकडे पुसट झाले किंवा कोटिंगखाली बुजले तर गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसावं लागेल. त्याहून आधी, जुनी गाडी विकत घ्यायच्या वेळीच आरसीवरचा चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून बघा, आरसीची मुदत बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी लागते, तिची दुचाकीची फी २०२२ मध्ये ३०० वरून १००० झाली आणि पुढे वीस वर्षांवरच्या गाड्यांना आणखी वाढली, वर पर्यावरण कर वेगळा, उशीर झाला तर दंड वेगळा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटपण लागते, तिथे "बॉस" आणि "दादा" लिहिलेली प्लेट चालणार नाही. कागद नसलेली आरएक्स स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, कितीही चमकवली तरी ती पार्किंगमध्येच राहणार.

संपादक साहेब, आपल्याकडून एक अपेक्षा आहे. सायलेन्सरच्या बातम्या जरूर छापा, पण एकदा आरटीओच्या अधिकाऱ्यांना बसवून एक अख्खं पान आमच्यासारख्यांच्या प्रश्नांवर द्या. सीटचा आकार बदलला तर नोंद लागते का, त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचं चाक आणि ब्रेक बसवला तर तो बदल कलम ५२ मध्ये येतो का, रंगाच्या नोंदीसाठी गाडी रंगवायच्या आधी अर्ज करायचा की नंतर, आणि हे सगळं मराठीत लिहिलेला एक बोर्ड ऑफिसच्या दारात का लागू शकत नाही. प्रश्न माझ्याकडे अजून आहेत, लागले तर पाठवते.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर